सेविकेचे दोन तास

देऊळगाव राजा तालुक्यातल्या खेड्यांत मुलाची पहिली शिक्षिका बहुधा अंगणवाडी सेविकाच असते; पण सरकारदरबारी ती शिक्षिका नाही. तिला पगार नाही, मानधन मिळतं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा सेवा ठरल्या आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यांतली फक्त एक. त्याखेरीज वजनं, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायकांच्या भेटी, घरपोच आहार, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, शिवाय अधूनमधून येणारी सर्वेक्षणं. सेविका महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची, उपकेंद्र आरोग्य खात्याचं, अंगणवाडीची जागा अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीची. कामं सगळेच सांगतात. मूल काय शिकलं, हे विचारणारं कुणी नसतं. ‘पोषण भी पढाई भी’ या 2023च्या कार्यक्रमानं रोज किमान दोन तास शिकवण्याची अपेक्षा ठेवली आणि प्रशिक्षणही दिलं. पण या चार यंत्रणांनी मिळून ते दोन तास राखले नाहीत, तर प्रशिक्षण कागदावरच राहील.

यावर पहिला आक्षेप येतो: आधी पोट, मग पाटी. तो खरा आहे, पण अर्धाच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा अंघोळ, खाऊ, गाणी आणि शिंपले-बियांवरचं मोजणं यांत भिंत नव्हती. मात्र तिथं बालशिक्षण हाच कामाचा गाभा होता. नोंदवह्या भरून उरलेला वेळ मुलांना मिळत नव्हता. दुसरा आक्षेप पैशाचा. डिसेंबर 2023मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. सर्वोच्च न्यायालयानं त्याआधीच, एप्रिल 2022मध्ये, ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क मान्य केला होता. मोबदल्याचा प्रश्न टाळून गुणवत्तेची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे, हे मला ठामपणे वाटतं. पण दोन तास राखायला नवा निधी लागत नाही: बैठका आणि माहितीच्या मागण्या दुपारनंतर ठेवाव्यात, लसीकरणाच्या दिवशी आशा स्वयंसेविका आणि परिचारिकेनं नोंदींचा भार उचलावा, आणि ग्रामपंचायतीनं महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या स्वउत्पन्नाच्या दहा टक्क्यांतून खेळणी, चित्रपुस्तकं घ्यावीत.

पालकांना मात्र चौथ्या वर्षीच अक्षरं गिरवलेली वही हवी असते. ती मिळाली नाही की मूल शहरातल्या कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतं. त्यांना समजावणं एकट्या सेविकेच्या ताकदीबाहेरचं आहे. पहिलीच्या शिक्षकानं तिच्या शेजारी उभं राहून सांगितलं, तर पटेल. म्हणून शिक्षकांच्या केंद्रस्तरावरच्या मासिक शिक्षण परिषदेत तिला बोलवायला हवं. जूनमध्ये पहिलीत येणारं कोणतं मूल अजून बोलायला बुजतं आणि कोणाला अख्खी गोष्ट सांगता येते, हे तिच्याइतकं कोणत्याच गुरुजींना ठाऊक नसतं.