सुरांचे मोल

न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे या रस्त्यावर शॅनली नावाचे एक मोठे उपाहारगृह होते. तेथे पाहुणे भोजन करीत आणि त्यांच्या मनोरंजनासाठी गायक व वादक गाणी सादर करीत. एकदा तेथे ‘स्वीटहार्ट्स’ या नाटकातील गीत गाण्यात आले. परंतु ज्यांनी त्या गीताला चाल दिली होती, त्यांची अनुमती कोणी घेतली नव्हती. त्यांना मोबदलाही दिला नव्हता. त्या संगीतकाराचे नाव व्हिक्टर हर्बर्ट.

हर्बर्ट यांचा जन्म १८५९ साली झाला. आयर्लंडचे नामांकित लेखक व गीतकार सॅम्युएल लव्हर हे त्यांचे आजोबा. पुढे त्यांच्या आईने एका जर्मन डॉक्टरांशी विवाह केला व हे कुटुंब जर्मनीतील स्टुटगार्ट येथे राहावयास गेले. व्हिक्टरलाही डॉक्टर व्हावयाचे होते. पण त्या शिक्षणाचा खर्च पेलण्यासारखा नव्हता. म्हणून त्याने संगीताची कास धरली. व्हायोलिनच्याच जातीचे, परंतु आकाराने मोठे व गंभीर स्वराचे चेलो हे वाद्य त्याने परिश्रमपूर्वक आत्मसात केले.

१८८६ साली हर्बर्ट यांनी थेरेसा फर्स्टर या गायिकेशी विवाह केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेने थेरेसा यांना गाण्यासाठी बोलाविले आणि हर्बर्ट यांना वाद्यवृंदात चेलोवादकाचे काम दिले. अशा रीतीने हे दांपत्य अमेरिकेत आले.

हर्बर्ट वादक म्हणूनच राहिले नाहीत. ऑपेरेटा म्हणजे संवाद व गाणी यांनी गुंफलेले हलकेफुलके संगीत नाटक. १८९४ साली त्यांचा पहिला ऑपेरेटा रंगभूमीवर आला. पुढे ‘बेब्स इन टॉयलँड’ (१९०३) व ‘नॉटी मॅरिएटा’ (१९१०) यांनी त्यांची कीर्ती दूरवर पसरविली. त्यांनी असे चाळीसहून अधिक ऑपेरेटा रचले. वाद्यवृंदातील प्रत्येक वाद्याने काय वाजवावे, हेही ते स्वतःच लिहून काढीत.

एवढ्या श्रमांचे फळ इतरांनी फुकट का घ्यावे? हर्बर्ट न्यायालयात गेले. उपाहारगृहाच्या वतीने सांगण्यात आले, “आम्ही गाण्याचे तिकीट लावीत नाही. पाहुणे पैसे देतात ते भोजनाचे.” खालच्या न्यायालयांनी हे म्हणणे मान्य केले. हर्बर्ट यांनी हार मानली नाही. अखेर २२ जानेवारी १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती होम्स यांनी दाखवून दिले, की संगीतापासून लाभ नसता, तर मालकांनी ते ठेवलेच नसते. पाहुण्यांच्या पैशांत संगीताचेही मोल असते.

परंतु एकटा संगीतकार गावोगावची उपाहारगृहे कशी धुंडाळणार? यासाठी १९१४ सालीच अमेरिकेतील संगीतकार, गीतकार व प्रकाशक यांनी एक संस्था स्थापन केली होती. तिच्या संस्थापकांत हर्बर्ट होते. जेथे गाणी वाजतात तेथून शुल्क गोळा करावे व ते रचनाकारांना वाटून द्यावे, हे तिचे कार्य. या निकालाने तिच्या कार्याला भक्कम आधार मिळाला. ती संस्था आजही कार्य करीत आहे.

१९२४ साली हर्बर्ट यांचे निधन झाले. त्यांचे अनेक ऑपेरेटा आज क्वचितच रंगभूमीवर येतात. परंतु त्यांनी मिळविलेल्या त्या न्यायाचा लाभ, ज्यांची नावेही त्यांना ठाऊक नव्हती, अशा असंख्य संगीतकारांना झाला.