फुटकी लादी आणि सुटलेलं पोट

पेणच्या एखाद्या आळीत राहणाऱ्या सत्तरीतल्या आजींचं पोट दोन वर्षांत का सुटलं, हे शोधायला तुम्ही आधी कुठे बघाल? ताटात? मी म्हणेन, दारापुढच्या गटारावरची फुटकी लादी बघा!

आजी रोज भाजीला चालत जायच्या. लादी डुगडुगायला लागली, पडायची धास्ती बसली आणि भाजी नातू मोटरसायकलवरून आणू लागला. बुडालं काय? रोजचं वीस मिनिटांचं चालणं. साठ किलोच्या माणसाचे त्यात साधारण ४० उष्मांक जादा खर्च होतात. वर्षाचे झाले १४,६००. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. पाटीवरच्या हिशेबाने जवळजवळ दोन किलो! शरीर थोडं जुळवून घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते. तरीही एका लादीची करामत बघा!

खरी गंमत पुढेच आहे. रक्तातल्या साखरेला स्नायूत शिरायला एरवी इन्सुलिनची किल्ली लागते. पण पाय चालू लागले की स्नायू साखरेसाठी परसदारही उघडतात, तिथे ही किल्ली लागतच नाही! चालणं थांबलं की हे दार बंद. वयाबरोबर झिजणारे स्नायू आणखी भराभर झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाट्याला याचा पत्ताही लागत नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपला माणूस बारीक दिसतानाही आतून चरबी साठवत असू शकतो.

मग वस्ती बदलली तर शरीर बदलतं? अमेरिकेत १९९०च्या दशकात गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून बऱ्या वस्तीत जायला भाड्याची मदत दिली. दहा-पंधरा वर्षांनी त्या कुटुंबांतल्या बायकांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह कमी आढळला. ना औषध दिलं, ना पथ्य सांगितलं! आणि त्या तर हिंडत्याफिरत्या वयाच्या होत्या. म्हातारपणी सगळं जगच आळीएवढं होतं, तेव्हा आळीचा प्रभाव किती असेल?

आपल्या पेण-रोह्याकडे तर वर्षाचा पाऊसच तीन हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने पायऱ्यांवर शेवाळ, रस्त्यात खड्डे. रोह्यात कुंडलिकेकाठी फिरायला निघालेल्या आजोबांचे गुडघे दुखत असतील, तर ते पुढचा बाक दिसतो तेवढंच चालतात. दर शंभर पावलांवर एक बाक, एक दिवा आणि सपाट वाट, हे औषधच आहे.

यंदा पावसाळ्याआधी आजींचा हात धरून आळीतून एक फेरी मारा. त्या जिथे थबकतील ती जागा लिहून घ्या आणि नगरपरिषदेत अर्ज द्या.