पक्षी आपणहून उडावा

जुनी इंदूरमधील आमच्या घराच्या गच्चीवर सकाळी उभे राहिले की प्रथम नजरेत भरतात ते पारवे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून थवा उठतो, कान्ह नदीवर एक वळण घेतो आणि पुन्हा त्याच कळसांवर येऊन विसावतो. उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घेण्याची मुळाक्षरे आम्ही याच पारव्यांवर गिरविली. त्या काळी कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांची फिल्म असे, आणि ती धुऊन आल्यावर छत्तीसपैकी पस्तीस चित्रांत केवळ राखाडी फराटे दिसत. आता कॅमेरे बदलले, फिल्मचा खर्च संपला. तरी पालक अद्याप आम्हांस तोच प्रश्न विचारतात. फांदीवरचा पक्षी सुरेख येतो, मग उडताच तो पुसट का होतो?

हा प्रश्न जुना आहे. नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ साली आमच्या इंदुरातच बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि छायाचित्रणाकडे ते वळले ते येथेच. त्यांच्या आरंभीच्या काळात काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. राजवाडे, किल्ले आणि देवळे तेवढा वेळ स्थिर राहत. पक्षी थोडाच राहणार? पुढे १८८२ साली फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. खांद्यास लावून चाप ओढला की तो एका सेकंदात बारा चित्रे घेई. बंदुकीने पक्षी न मारता त्याचे उड्डाण टिपावे, ही कल्पनाच किती हृद्य आहे!

आता थोडे गणित मांडू. पक्षी ताशी ३६ किलोमीटर वेगाने समोरून जात आहे असे समजा. म्हणजे सेकंदाला दहा मीटर. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या अवधीत तो दहा सेंटिमीटर सरकतो. १/१००० सेकंदात एक सेंटिमीटर आणि १/२००० सेकंदात केवळ अर्धा. पंखांची टोके तर अंगापेक्षाही वेगाने हलतात. म्हणून बगळा, करकोचा अशा संथ पक्ष्यांना १/१००० ते १/१६०० सेकंद पुरते; बदकांसाठी १/२००० ठेवावे, आणि पाकोळी किंवा खंड्या यांच्यासाठी १/३२०० देखील कमीच वाटते. शटर इतके अल्प काळ उघडायचे, तर उजेड भरपूर हवा. सकाळच्या उन्हात आयएसओ ८०० ते १६०० आणि छिद्र एफ ५.६ ते एफ ८ ठेवले की बहुधा काम भागते. पांढऱ्या बगळ्यामागे गर्द वेळू असतील, तर उजेडाचे मोजमाप थोडे कमी करावे, नाहीतर पिसांचा पोत नाहीसा होतो. काळसर पक्षी उजळ आकाशावर असेल, तर ते वाढवावे.

परंतु केवळ शटरने काम होत नाही. पाय स्थिर रोवून, कोपरे अंगाशी ठेवून, कमरेपासून वर सावकाश वळावे. पक्षी दूर असतानाच त्याला चौकटीत घ्यावे, सलग फोकस त्याच्या डोक्यावर धरावा आणि बटण दाबल्यावरही वळणे थांबवू नये. फलंदाज चेंडू टोलविल्यावर बॅट मध्येच थांबवीत नाही, तसेच हे. डोळा स्पष्ट आला तर पंखाचे टोक किंचित पुसट असले तरी चालते; डोळाच पुसट असेल तर ते चित्र टाकून द्यावे. चौकटीत पक्ष्याच्या पुढे मागच्यापेक्षा अधिक जागा मोकळी सोडावी. त्याला जायला वाट दिसली, की पाहणाऱ्यालाही उड्डाण जाणवते.

सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे ते वाऱ्याचे. पक्षी उठताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणून सकाळी तळ्याच्या पूर्वेकडील काठावर, ऊन पाठीशी घेऊन उभे राहावे, आणि त्या दिवशी वाराही पाठीवर असेल तर दुग्धशर्करा योग. मग पक्षी तोंड आपल्याकडे करूनच उठेल. नवशिक्यांनी वारकरी पक्ष्यापासून प्रारंभ करावा. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि उडण्यापूर्वी पाण्यावरून दूरवर धावत जाण्याची सवय. त्यामुळे कॅमेरा सावरण्यास पुरेसा अवधी मिळतो.

हे सारे आम्ही आज सांगतो. पण एके काळी आम्हांस तेवढा धीर नव्हता. नवा कॅमेरा घेतला त्या हिवाळ्यात शाळेतील एका विद्यार्थ्यास बरोबर घेऊन आम्ही एका तळ्यावर गेलो होतो. फावड्यासारख्या चोचीची थापट्या बदके पाण्यात निवांत चरत होती. तासभर झाला, ती काही उडेनात. शेवटी आम्हीच त्या मुलास म्हणालो, "एक ढेकूळ टाक पाहू पाण्यात." थवा भर्रकन उठला. आम्ही चाळीसएक चित्रे घेतली आणि धन्य झालो. घरी येऊन पाहतो तो प्रत्येक चित्रात शेपट्या आणि पाठी! भ्यालेला पक्षी आपल्यापासून दूरच पळणार, हे साधे सत्य आमच्या ध्यानी आले नव्हते.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर आम्ही ती हसून सांगितली असती. पुढच्या रविवारी त्याच तळ्यावर तोच मुलगा आपल्या दोन मित्रांसह बदकांवर दगड भिरकावीत होता. आम्ही रागावलो, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्हीच तर फेकायला सांगितलं होतं." आयुष्यभर वर्गात बोललो त्यापेक्षा त्या एका ढेकळाने आम्ही अधिक शिकविले होते. त्या मुलाची आम्ही तेथेच क्षमा मागितली. पुढे तो अनेक रविवार आमच्यासोबत येऊन काठावर गप्प बसू लागला, आणि पक्षी उठण्यापूर्वी मान ताणतो, हे आमच्या आधी त्याच्या लक्षात आले.

ही बदके मध्य आशिया आणि सैबेरियातून हजारो किलोमीटर उडत येतात. येथे चरून परतीच्या प्रवासाची शक्ती साठवितात. उगीच उठविलेल्या प्रत्येक थव्याची ती शिदोरी आपण खर्च करीत असतो. होळकरांच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला सिरपूर तलाव आज या पाहुण्यांचे घर आहे. त्याच्या रक्षणासाठी इंदूरचे चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी झटले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. सिरपूर आणि सारसांसाठी प्रसिद्ध असलेला यशवंतसागर, दोहोंचा २०२२ साली रामसर यादीत समावेश झाला, आणि २०२५ साली उदयपूरसह इंदुरास रामसर कराराखाली पाणथळ नगरीचा मान मिळाला. तळे वाचविण्यास कितीएक वर्षे लागतात. त्यातील शांतता मोडण्यास एक ढेकूळ पुरते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. सुटीत मुलांना तळ्यावर न्या. कॅमेरा नसला तरी चालेल. वारकरी, थापट्या, खंड्या, टिबुकली ही नावे त्यांना मराठीतून सांगा. परप्रांतात ती नावे घरातूनच टिकावयाची आहेत. आणि कॅमेरा असेल तर त्यांना एवढे आवर्जून शिकवा, की पक्षी आपणहून उडेतो थांबावे. तो आपल्या मर्जीने उठला, की चित्रात त्याचा डोळा येतो. आपल्या मर्जीने उठविला, तर केवळ त्याची पाठ.