घराच्या उंबरठ्याआंतील रहस्य

रहस्यकथेचें नांव काढतांच सुशिक्षित घरांतील वडील माणसें किंचित् नाक मुरडतात. खून, पाठलाग आणि अखेरीस गुन्हेगाराच्या हातांत बेड्या, एवढ्यासाठीं वेळ कां दवडावा, असा त्यांचा प्रश्न असतो. आणि पुष्कळ पुस्तकांपुरता तो रास्तही आहे. परंतु जिलियन फ्लिन ह्या अमेरिकन लेखिकेची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ ही २००६ सालीं प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी ह्यास अपवाद मानावी लागेल. लेखिका मूळची मिझूरी राज्यांतील, आणि कांहीं वर्षें पत्रकारितेंत वावरलेली. त्यामुळें गांव आणि वृत्तपत्र ह्या दोहोंचें चित्र तिनें जाणतेपणानें रेखाटलें आहे.

कथानायिका कॅमिल प्रीकर ही शिकागो येथील एका वृत्तपत्राची बातमीदार. मिझूरीच्या दक्षिण टोंकाचें विंड गॅप हें कल्पित गांव तिची जन्मभूमि. तेथें एका बालिकेचा गळा आवळून खून झालेला असतो, आणि पुढें दुसरी नाहींशी होते. कॅमिल तेथलीच, म्हणून संपादक तिलाच पाठवितो. तपासासाठीं बाहेरून आलेल्या पोलिस अधिकाऱ्यास गांव परकें आहे. कॅमिलला गांव पुरतें ठाऊक आहे. पण जें ठाऊक आहे तेंच डोळे उघडून पाहणें तिला सर्वांत कठीण जातें. कथेचें खरें बळ येथें आहे.

तिची आई ॲडोरा ही गांवांतील धनाढ्य व प्रतिष्ठित स्त्री. खुनाच्या विषयाची वाच्यता घरांत होऊं नये, हा तिचा कटाक्ष. कॅमिलची धाकटी बहीण मॅरियन दीर्घ आजारानें बालपणींच वारली. घर अजून त्या शोकाखालीं आहे. सर्वांत धाकटी अम्मा तेरा वर्षांची. आईसमोर बाहुलीसारखी, बाहेर मात्र उच्छृंखल. स्वतः कॅमिलनें पूर्वीं आपल्या अंगावर शस्त्रानें शब्द कोरून घेतले आहेत, आणि ते लांब बाह्यांखालीं ती झांकून ठेविते. ज्याचा क्षय होत नाहीं तें अक्षर, अशी व्युत्पत्ति आपण शिकतों. तोंडाला न आलेलें दुःख येथें ह्याच अर्थानें अक्षररूप झालें आहे.

एक गोष्ट उघड केल्यावांचून पुस्तकाचें मोल सांगतां येत नाहीं. मुलाला मातेनेंच आजारी पाडावें आणि मग अहोरात्र त्याची शुश्रूषा करून लोकांची सहानुभूति मिळवावी, अशी एक मनोविकृति आहे. इंग्लंडांतील बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो ह्यांनीं १९७७ सालीं तिचें वर्णन करून तिला म्युनचाउझेनच्या नांवाशीं जोडलें. मॅरियनचा आजार ह्या जातीचा होता. एका परिचारिकेनें तसा संशय लेखी नोंदविलाही होता. तो कागद रुग्णालयाच्या दप्तरांत तसाच पडून राहिला. बहिणीच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं कॅमिल तें दप्तर मागून वाचते. शोधाचा सर्वांत मोठा क्षण हा एवढाच, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. त्या बालिकांचा घातक कोण, हा प्रश्न मात्र एवढ्यानें सुटत नाहीं. तो वाचकांनींच पुस्तकांत शोधावा.

दोष नाहींत असें नव्हे. शेवटचा उलगडा मोजक्या पृष्ठांत उरकला आहे, आणि कित्येक प्रसंग इतके उग्र आहेत कीं पुस्तक लहानांच्या हातीं देऊं नये. २००७ सालीं ब्रिटनमधील गुन्हेकथा-लेखकांच्या संघाचे दोन ‘डॅगर’ पुरस्कार त्यास मिळाले, आणि २०१८ सालीं त्यावर आठ भागांची दूरदर्शन-मालिका निघाली. तिच्यांत ॲमी ॲडम्स कॅमिल झाली आहे.

आपल्या मोठ्या कुटुंबांतून घरची गोष्ट घरांतच ठेवण्यास शहाणपण मानितात. झांकली मूठ सव्वा लाखाची, हें आपण लहानपणापासून ऐकतों, आणि पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु त्या मुठींत एखाद्या लेकराचा प्राण गुदमरत असेल, तर ती उघडणें हेंच वडिलधाऱ्यांचें कर्तव्य होय. त्या परिचारिकेच्या चार ओळी कोणी वेळेवर वाचल्या असत्या, तर मॅरियन वांचली असती.