सावरकर पडद्यावर

करकंबकर मित्रांनो, सावरकरांवरून कट्ट्यावर वाद पेटण्याआधी हे पाहाच. 1983 साली, इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, सरकारच्याच फिल्म्स डिव्हिजनने ‘वीर सावरकर’ हा माहितीपट काढला. दिग्दर्शक प्रेम वैद्य. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते! पुढे 2001 मध्ये सुधीर फडके यांनी लोकवर्गणीतून चित्रपट उभा केला. 2024 मध्ये रणदीप हुडाचा आला. पण हे दोन्ही कथापट, माहितीपट नव्हेत.

अंदमान, रत्नागिरीचे पतितपावन मंदिर, इंग्रजांकडे केलेले अर्ज, गांधीहत्या खटल्यातली 1949 ची निर्दोष सुटका: यातले काय दाखवले, काय गाळले, हे तिन्ही पट पाहताना प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवा. मग बोलू.