गंजून बसलेला बोल्ट

मृग नक्षत्र तोंडावर आलें म्हणजे नेर भागांतील शेतकऱ्याची एकच धांदल उडते. कपाशी-सोयाबीनची पेरणी खोळंबूं नये म्हणून ट्रॅक्टर दुरुस्तीस काढावा, आणि नेमका इंजिनाचा एखादा बोल्ट जागचा हलूं नये! मग पान्यास लांब नळी लावून जोर केला जातो. डोकें हातीं येतें व दांडा आंतच राहतो. अशा वेळीं दोष गंजाचा थोडा व घाईचा फार असतो.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो व आट्यांत पाचरीसारखा बसतो. ही पाचर सैल करणें हेंच खरें काम होय. प्रथम तारेच्या ब्रशानें आटे साफ करावे, गंज सोडविणारें पातळ तेल घालावें व रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावे. माप बरोबर बसणारा रिंग पानाच वापरावा. बोल्ट आधीं किंचित् आवळावा, मग सोडवावा. असा मागेंपुढें करीत तो बाहेर काढावा.

एवढ्यानेंहि न सुटल्यास उष्णतेचा उपाय आहे. १२ मिलिमीटरचें छिद्र ३०० अंशांनीं तापविल्यास सुमारें ०.०४ मिलिमीटरच रुंदावतें. परंतु गंजाची पकड मोडण्यास तेवढें बहुधा पुरतें. तापवावा तो भोंवतालचा भाग, बोल्ट नव्हे. तत्पूर्वीं तेल पुसून घ्यावें. डिझेलच्या टांकीजवळ किंवा नळीजवळ ज्योत मुळींच नेऊं नये.

बोल्ट तुटलाच व तुकडा वर राहिला असेल, तर त्यावर नट वेल्डिंग करून फिरवावा. तुकडा आंत असल्यास बरोबर मध्यावर पंच मारून भोंक पाडावें लागतें. भोंक एका बाजूस गेलें कीं ब्लॉकचे आटे गेले. उलट्या आट्यांचा काढणारा दांडा आंत तुटल्यास तो इतका कठीण असतो कीं साधें ड्रिल त्यांत शिरत नाहीं. म्हणून हें काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावें.

नवा बोल्ट बसविण्यापूर्वीं भोंकांतील तेल-पाणी पूर्ण काढावें. द्रव दबत नसल्यामुळें आवळतांना ब्लॉकला तडा जाऊं शकतो. हेडचे बोल्ट कारखान्यानें दिलेल्या क्रमानें व मापानेंच आवळावे.

ही तपासणी चैत्रांतच उरकावी. तेव्हां तेल मुरण्यास रात्र देतां येते. मृगांत ती देण्यास कोणाचेंहि मन धजत नाहीं.