परसातील मर आणि तिचा तपास

परसातील कोंबडी मरते तेव्हा तिच्या मृत्यूची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ‘मर लागली’ एवढे म्हणून तो विषय घरोघरी मिटविण्यात येतो, आणि उरलेल्या कोंबड्या एक तर चुलीवर चढतात, किंवा डालग्यात घालून आठवड्याच्या बाजारी धाडल्या जातात. कुक्कुटपालनात याहून घातक रिवाज मला ठाऊक नाही. मर मानमोडीची असेल, तर रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे उमटेपर्यंत बहुधा ५-६ दिवस, क्वचित पंधरवडाही लोटतो, आणि त्या अवधीत वरून धडधाकट दिसणारी तलंग परक्या गावच्या खुराड्यात जाऊन पोहोचलेली असते.

परंतु प्रत्येक मर मानमोडीची नसते. १९२६ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलनजीक ओळखला गेलेला आणि आपल्याकडे कुमाऊँतील रानीखेतच्या नावाने रूढ झालेला हा रोग इतका सर्वपरिचित आहे की इतर कारणांची चौकशीच कोणी करीत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या शेजारच्या काकींकडे ऐन वैशाखात, भर अंड्यांवर असलेल्या कोंबड्या एकामागून एक दांडीखाली मरून पडू लागल्या, तेव्हा मान मुरगळणे, पेंगणे, हिरवट हगवण यांपैकी एकही लक्षण कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. “काल सांजेला माझ्या हातातले दाणे टिपले हिने, हिला झाले तरी काय?” असे काकी पुनःपुन्हा विचारीत होत्या, आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळावे ही त्यांची तळमळ मला पूर्णतः रास्त वाटली. कलेवर साबणाच्या पाण्याने भिजवून, पिशवीत गुंडाळून, बर्फावर ठेवून आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. गोठलेल्या शरीरातील पेशी फुटतात आणि तपासणीस निरुपयोगी ठरतात, म्हणून ते थंड ठेवायचे, गोठू मात्र द्यायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

त्यांनी प्रथम शस्त्राला हातच लावला नाही. तुरा निरखला, तो निळा वा काळा नव्हता, विलक्षण पांढुरका होता. गळ्याखालील चाऱ्याची पिशवी चाचपली. ती भरलेली होती, म्हणजे मृत्यू अकस्मात आला होता. नंतर दोन्ही मांड्या सांध्यातून मोकळ्या करून पक्षी उताणा स्थिर केला आणि छातीचे हाड अलगद वर उचलले, तो आत चरबीचा जाड थर आणि यकृताला वेढून गोठलेल्या रक्ताची मोठी गुठळी. यकृत पिवळट, सुजलेले आणि ओल्या मातीसारखे बोटाखाली भुगा होणारे. पहिल्या जठराच्या अस्तरावर मानमोडीचे रक्ताळ ठिपके त्यांनी कसून शोधले, यकृतावर कॉलऱ्याचे सूक्ष्म पांढरे बिंदू शोधले; यांपैकी काहीही आढळले नाही.

उलगडा झाला तो असा: मुंगसाच्या भयाने काकींनी कोंबड्या दिवसभर कोंडल्या होत्या आणि ममतेने त्यांना भात, कणी व मका यथेच्छ घातला होता; मेद यकृतात साठला, वैशाखाच्या उष्म्याने आणि अंडी घालण्याच्या श्रमाने ते नाजूक झालेले यकृत आतल्या आत फाटले. ज्या मायेने कोंबड्या जपल्या तीच त्यांच्या जिवावर उठली, हे काकींना सांगताना डॉक्टरांचा स्वर फार मृदू झाला होता, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दाणा निम्म्यावर आला, हिरवा पाला वाढला, आणि दुपार कलल्यावर घरातले कोणीतरी राखणीस बसून कोंबड्या परसात मोकळ्या सोडण्याची तजवीज झाली. पिल्लांच्या मानमोडीवरील लसीचेही त्याच बैठकीत ठरले: पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा थेंब, पुढे ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर पंखाखाली टोचणी.

तथापि महिनाअखेरीस आणखी एक कोंबडी गेली. ही सडपातळ होती, यकृत निर्दोष होते. नमुने पुण्यास औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे रवाना झाले, आणि ‘कारण अनिर्णीत’ असा अहवाल आला. काकींनी तो घडी घालून जपून ठेवला. डॉक्टरांनी एवढेच बजावले की ही कोंबडी रात्रीच केव्हातरी मेली असावी, उन्हाळ्यात आतडी काही तासांतच कुजून पुरावा नाहीसा होतो, तेव्हा यापुढे पहाटे दिवा घेऊन दांडीखाली पाहावे आणि मेलेली आढळल्यास दवाखाना उघडण्यापूर्वीच पायरीवर येऊन बसावे.